कर्फ्यू

ठरावीक वेळेत लोकांना घराबाहेर पडण्यास मनाई करणारा सरकारी हुकूम, मराठीत संचारबंदी. इंग्रजीने हा शब्द नॉर्मन काळातील फ्रेंचमधून घेतला. मूळ रूप ‘कुव्र-फ’, म्हणजे शब्दशः ‘विस्तव झाक’. त्यातील ‘फ’ हा अग्निवाचक शब्द लॅटिन ‘फोकस’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ चूल असा होता.

मध्ययुगीन युरोपातील घरे लाकडाची, छपरे बहुधा गवताची. रात्री एक ठिणगी उडाली तर गल्लीच्या गल्ली भस्मसात होई. म्हणून संध्याकाळी ठरल्या वेळी घंटा वाजे आणि घरोघरी निखारे राखेने किंवा धातूच्या झाकणाने झाकले जात. त्या झाकणालाही हेच नाव होते. निखारा विझू न देता राखेखाली जपण्याची रीत आपल्याकडच्या चुलींनाही नवी नाही. इंग्लंडात ही घंटा विल्यम द कॉन्करर याने सक्तीची केली अशी आख्यायिका आहे. इतिहासकार ती सरसकट मान्य करत नाहीत.

पुढे विस्तव मागे पडला, घंटेची वेळ तेवढी उरली. रस्ते ओस पाडणाऱ्या हुकुमाचा आजचा अर्थ त्या मानाने अलीकडचा. भारतात तो ब्रिटिश अमदानीत रुळला. 22 मार्च 2020 च्या ‘जनता कर्फ्यू’ने तर घराघरांत पोचला. बोलण्यात जमावबंदीलाही कर्फ्यू म्हटले जाते, ते चूक: तिच्यात एकट्याने फिरायला आडकाठी नसते.

‘कर्चिफ’ हा शब्द याच घराण्यातला: ‘डोके झाक’.