कडी, कोयंडा आणि आपण

तुमच्या घरात असे एखादे दार आहे का, की जे लावताना पाहुण्याला "जरा वर उचलून लावा हं" असे सांगावे लागते? असेल, तर आजच्या या चार गोष्टी तुमच्यासाठीच आहेत. नसेल, तर शेजारच्या घरात नक्की असेल. त्यांना जरूर सांगा.

आमच्या गावच्या घरी असे एक दार होते. माजघरालगतच्या खोलीचे, सागवानी, आजोबांच्या वेळचे. दोन-तीन वर्षे आम्ही सगळेच ते उचलून लावत होतो. हाताला सवय झाली होती. एका श्रावणात घरची माणसे शेतावर गेली होती आणि माझी शहात्तर वर्षांची आत्या लुगडे बदलायला त्या खोलीत गेली. तिने आतून बोल्ट लावला. पावसाने फुगलेले आणि खाली बसलेले ते दार. बोल्ट चौकटीच्या भोकात असा रुतला की निघेना. तिने जोर केला, तर झिजलेली मूठच तुटून हातात आली. दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत आत्या आत होती, घोटभर पाण्याशिवाय. शेवटी पहार घालून दाराची फळी फोडावी लागली. बाहेर आली तेव्हा ती मूठ तिच्या हातातच होती. ती एवढेच म्हणाली, "अरे, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं ना?"

मी इतिहास शिकवणारा माणूस. आमचे चुकले कुठे याचा विचार करता करता मी कडीकोयंड्याच्या इतिहासात शिरलो.

इतिहासाला प्रत्येक वेळी ताम्रपट आणि शिलालेखच लागतात असे नाही. कधी कधी रोजच्या तोंडातले शब्दही पुरतात. 'आगळ' हा शब्द घ्या. तो संस्कृत 'अर्गला'पासून आला. नवरात्रात सप्तशतीच्या पाठाआधी अर्गलास्तोत्र म्हणतात, ती अर्गला म्हणजे दाराची आगळच. आणि त्यामागून येणारे कीलक म्हणजे खुंटी, खीळ. 'कुलूप' हा शब्द मूळ अरबी. तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. 'चावी' पोर्तुगीजांनी दिली. बोल्ट, हँडल आणि स्क्रू इंग्रजांबरोबर आले. म्हणजे एक दार लावता-उघडताना आपण किती शतके ओलांडतो, पाहा!

आता वस्तूंकडे वळू. जुन्या वाड्यात गेलात तर दाराच्या चौकटीलगत भिंतीत एक चौकोनी भोक दिसेल. मुले त्यात हात घालून पाहतात. ती अडसराची जागा. भिंत हातभर जाड, तिच्या पोटात एक लांब लाकडी वासा. रात्री तो बाहेर ओढायचा, दोन्ही फळ्यांच्या मागून आडवा सरकवायचा आणि समोरच्या भिंतीतल्या खाचेत बसवायचा. सकाळी पुन्हा भिंतीच्या पोटात ढकलायचा. यात लोखंड नाही, किल्ली नाही, हरवण्यासारखे काही नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. अडसर फक्त आतूनच लावता येतो. म्हणजे घर बंद करायचे, तर घरात माणूस हवा. दाराची राखण ही वस्तूवर सोपवलेली नव्हती, माणसावर सोपवलेली होती. आज 'अडसर' म्हटले की आपल्याला नुसता अडथळा आठवतो. त्या वाशामागे रोज रात्री उभे राहणारे माणूस आपण विसरलो.

गडकोटांवरही हीच रीत होती, फक्त ती हुकमाने चाले. दरवाज्यांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत. सांज झाली की दरवाजे बंद, उजाडले की उघडे. रायगडच्या हिरकणीची लोककथा याच शिस्तीवर उभी आहे. दरवाजा वेळेवर बंद झाला, म्हणून तर तिला कडा उतरावा लागला. दार लावणे हे कुणाचे तरी नेमून दिलेले काम होते, एवढे त्यातून दिसते.

लोखंडी कडी आली ती गावच्या लोहाराच्या भात्यावरून. सुतार आणि लोहार हे गावच्या बलुतेदारांपैकी. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात या सगळ्या व्यवस्थेचे वर्णन शिक्षकांना सापडेल. त्यांचे मुख्य काम शेतीच्या औतांचे; पण घराची कडीही त्याच ऐरणीवर घडे. ही कडी बसवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मोठ्या डोक्याचा खिळा फळीतून आरपार ठोकायचा आणि पलीकडे निघालेले टोक वळवून लाकडात बसवायचे. एकदा बसले की बसले. ते काढायचे म्हणजे लाकूड दुखावायचे. म्हणून घरधनी त्याला हात लावीत नसे. कडी झिजली की कारागिराला बोलावणे जाई.

हे बदलले एका लहानशा वस्तूने. ती वस्तू म्हणजे टोकदार स्क्रू. पूर्वीच्या स्क्रूला टोक नसे. आधी नेमके भोक पाडल्याखेरीज तो लाकडात शिरत नसे. 1846 साली अमेरिकेत टॉमस स्लोन याने टोकदार स्क्रू करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. 1854 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी तो हक्क मिळवला आणि असे स्क्रू तिथे ढिगाने निघू लागले. खिळा ठोकला की कायमचा, पण स्क्रू उलटा फिरवला की परत निघतो. यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेलच. दुरुस्ती लोहाराच्या भात्यावरून उठली आणि घरधन्याच्या हातात आली.

योगायोग असा की त्याच 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी उभारायला घेतली. पुढे कोकणातून, घाटावरून माणसे गिरणीत गेली आणि चाळीच्या खोलीत राहू लागली. कामाच्या पाळीला गेले की खोलीत मागे कुणी नाही. तिथे अडसर काय कामाचा? तिथे बाहेरून लावायचे कुलूपच हवे. याच गिरणगावातल्या लालबागेत 1897 साली अर्देशिर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला. आतून लावायच्या वाशापासून बाहेरून लावायच्या कुलपापर्यंत आपण आलो, तो प्रवास असा आहे.

बलुतेदारी मोडली. जन्मावरून माणसाचे काम ठरावे हे न्यायाचे नव्हते, तेव्हा ती मोडली ते योग्यच झाले. पण दाराची काळजी कुणी घ्यायची, हा प्रश्न तेव्हा आपल्या पदरात पडला. उत्तर आपल्या हातातच होते, पन्नास-शंभर रुपयांच्या स्क्रूड्रायव्हरच्या रूपाने. आपण मात्र अजून कुणीतरी येईल म्हणून वाट पाहतो आणि तोवर दार उचलून लावतो. आमच्या घरी नेमके हेच झाले.

म्हणून आता थोडे कामाचे बोलू. कडी बसेनाशी झाली की आपण कडीला दोष देतो. पण पुष्कळदा खरा दोष बिजागरीचा असतो. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, दार पुढून खाली बसते आणि कडी कोयंड्याला चुकते. तेव्हा आधी बिजागरी आवळा. स्क्रू नुसताच फिरत असेल, तर भोकात सुतारी गोंद लावून लाकडाची खुंटी ठोका, ती वाळू द्या आणि मग स्क्रू पुन्हा बसवा. एवढ्याने निम्मी दारे सुधारतात, असे आमच्या सुताराचे म्हणणे आहे.

तरीही कडी बदलायचीच असेल, तर जुनी काढून दुकानात बरोबर न्या. दोन भोकांमधले अंतर आणि बोल्टची जाडी जुळली, म्हणजे दाराला नवी भोके पडत नाहीत. स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा आखूड घ्या. जुन्या सागवानात स्क्रू जाईना, तर गिरमिटाने बारीक भोक पाडा आणि स्क्रूला साबण चोळा. पावसाळ्यात दार अडते म्हणून घाईने रंधा मारू नका. लाकूड वाळले की तेच दार उन्हाळ्यात सैल पडेल. आणि ज्या खोलीत म्हातारी माणसे किंवा लहान मुले एकटी जातात, तिथे बाहेरूनही उघडता येईल अशीच कडी लावा. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी माझे ऐका.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना सांगा, आपल्या आणि शेजारच्या घरातली दारे पाहून या. आजीला विचारा, आगळ कशाला म्हणायचे, अडसर कुठे असे, खिटी म्हणजे काय. चित्रे काढा, नावे लिहा. आणि शेवटी एक रकाना ठेवा: कोणते दार उचलून लावावे लागते? गावाच्या इतिहासाची वही आणि दुरुस्तीची यादी एकाच आठवड्यात तयार होईल.

आमच्या त्या दाराला सुताराने नवी फळी जोडली. बिजागऱ्या आणि बोल्ट आम्ही भावांनी मिळून बसवले. आत्या येऊन उभी राहिली. तिने बोल्ट दोनदा पुढेमागे सरकवून पाहिला आणि विचारले, "बाहेरूनही निघतो ना?" निघतो म्हणून काढून दाखवला, तेव्हा कुठे ती आत गेली.

आज संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातले प्रत्येक दार एकदा लावून पाहा.