मरणाऱ्या बापाचा सल्ला पुरावा म्हणून वापरताना

बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने बांधायला घेतला आणि १७५७ मध्ये एलिचपूरच्या इस्माईलखान नवाबाने पुरा केला, असं सांगतात. गावाजवळच मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. या दोन वास्तूंमुळे मला एक लोककथा आठवते.

मरणारा बाप पोरांना सांगतो, वावरात धन पुरलंय. पोरं वावर खणतात, हंडा काही निघत नाही, पण पीक जोरदार येतं. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत अशा उपदेशकथा ९१० क्रमांकाखाली येतात. त्यांत बापाचं म्हणणं खरंच ठरतं. ठरणारच, गोष्ट शेवटाकडून रचलेली असते ना!

औरंगजेब मार्च १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. राज्य मुलांनी वाटून घ्यावं असं सांगणारं एक मृत्युपत्र त्याच्या नावावर आहे. पण जूनमध्येच आग्र्याजवळ जाजऊला आझम सावत्र भावाच्या फौजेशी लढताना मारला गेला.

दुसरं मृत्युपत्र आपल्याकडे फार आवडीनं उद्धृत होतं: क्षणभराच्या गाफीलपणामुळे शिवाजी आग्र्याहून निसटला आणि मला मरेपर्यंत झुंजावं लागलं, अशा आशयाचं. महाराजांना आग्र्याला जायला राजी केलं ते मिर्झाराजांनीच. हा मजकूर 'अहकाम-इ-आलमगिरी'तला. जदुनाथ सरकारांनी त्याचं इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये छापलं. सरकारांच्या मते ग्रंथ हमीदुद्दीनखानाचा, पण त्याबद्दल वाद आहे. उपदेश आणि लगेच दाखला, ही घडण मला तरी सरळ गोष्टीतल्या बापाची वाटते.

प्रबंधात हे वाक्य टाकायचं असेल, तर आधी हस्तलिखिताची सर्वांत जुनी प्रत केव्हाची ते बघा.