अण्णांची वही

मंडळी, परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना थोरल्या बंधूंची, अण्णांची वही सापडली. पुतण्या-भाच्यांना ते 'एलआयसीवाले काका' म्हणूनच आठवत असतील. वहीत नुसती नावे, आणि प्रत्येक नावापुढे जन्मतारीख.

आधी थोडा इतिहास (मास्तरची खोड, दुसरे काय!). जानेवारी १९५६ मध्ये सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला तेव्हा अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख होते. १ सप्टेंबरला २४५ विमासंस्था मिळून महामंडळ सुरू झाले, तोवर मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामाही दिला होता. अण्णा १९६४ साली एजंट झाले. वय २६.

बरोबरीचे सगळे नुकते नोकरीला लागलेले. अण्णा बारशाला जात ते फॉर्म खिशात घालूनच! महामंडळात वय जवळच्या वाढदिवसाचे धरत. म्हणजे वाढदिवसानंतर सहा महिने उलटले की तुम्ही कागदोपत्री वर्षाने मोठे, आणि हप्ता महाग. म्हणून त्या जन्मतारखा. पाचव्या महिन्यात अण्णा दारात हजर. मी सख्खा भाऊ, तरी एकतिशीपर्यंत टाळले.

पण एजंटाबरोबर त्याचे गिऱ्हाईकही म्हातारे होते. १९९० नंतर वहीतली माणसे पन्नाशी ओलांडलेली. जुन्या पॉलिसींचे पैसे हातात यायचे दिवस, नवी कोण घेणार? मुलांकडे जावे तर "बघतो काका" म्हणत आणि आपल्या वर्गमित्राकडून घेत. त्यांच्या वडिलांनी तरी दुसरे काय केले होते म्हणा. २००० सालापासून खासगी कंपन्यांची टायवाली मुलेही आली. जुन्या हप्त्यांवरचे कमिशन येत राहिले, म्हणून घर चालले.

मध्ये एकदाच आकडा उसळलेला दिसतो. १९९३ मध्ये अण्णांचा शाळासोबती गेला, एस.टी.त ड्रायव्हर होता. तेराव्यानंतर अण्णांनी वहिनींचे सगळे कागद स्वतः भरले, खेपा घातल्या, चेक हातात दिला. त्या वर्षी त्याच आळीत ११ पॉलिसी झाल्या. घेणारे सगळे पंचविशी-तिशीचे, आणि अण्णा कोणाच्या दारात गेले नव्हते. मी कौतुक केले तर ताटावरून उठून गेले. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

मागच्या महिन्यात नातवाने फोनवरच विमा घेतला, दहा मिनिटांत. मी विचारले, "वाढदिवसाला सहा महिने उलटले का रे?"

"काय आजोबा?" म्हणाला.