लोकवाट्याची कुळकथा

जालना तालुक्यातलं कडवंची द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी ओळखलं जातं. या बागांमागे भारत आणि जर्मनी या दोन सरकारांमधला एक करार आहे. त्यातली सगळ्यात कसाला लावणारी अट गावासाठी होती: आधी तुमचा वाटा, मग आमचा पैसा.

ही अट अनुभवातून आली. १९७२च्या दुष्काळात लाखो लोक दुष्काळी कामांवर गेले. बांध घातले गेले, पाझर तलाव झाले. पण हेतू हाताला काम देण्याचा होता. शेतकऱ्याला न विचारता घातलेले बांध अनेक ठिकाणी नांगराखाली गेले. दुसरीकडे राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीवर पाणलोटाचं काम उभं केलं. गावानं घाम गाळलेलं काम गाव सांभाळतं, हे तिथं दिसलं.

नगर भागात अनेक वर्षं काम केलेले स्विस जेसुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी या अनुभवाला मोठ्या कार्यक्रमाचं रूप दिलं. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची जुळवाजुळव १९८९ मध्ये सुरू झाली, प्रत्यक्ष काम १९९२ पासून. पैसा केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेचा, तो वाटायची जबाबदारी नाबार्ड या राष्ट्रीय शेती आणि ग्रामविकास बँकेची. खरी नवलाई पुढच्या टप्प्यात होती. रक्कम ग्राम पाणलोट समिती आणि स्वयंसेवी संस्थेच्या संयुक्त खात्यावर जमा व्हायची.

त्याआधी गावाची परीक्षा असे. घरटी चार दिवस श्रमदान करायचं, झाडं तोडायची नाहीत, जनावरं मोकाट सोडायची नाहीत. पुढे अकुशल मजुरीच्या किमान १६ टक्के वाटा गावानं श्रमातून उचलायचा. भूमिहीनांना आणि एकट्यानं घर चालवणाऱ्या गरीब बायकांना यातून सूट होती.

आराखडाही बांधावर उभं राहून होई. गटनंबर घेऊन तंत्रज्ञ शेतात येई, नवरा-बायको सोबत चालत. उतार किती, माती किती खोल, कुठं चर आणि कुठं बांध, हे तिथंच ठरे. आपल्या रानात काय होणार, हे घरच्या बाईलाही ठाऊक असे.

कडवंचीत हे काम १९९६ ते २००२ दरम्यान झालं. विजयअण्णा बोराडे यांची मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र पाठीशी होतं. माथ्यावर सलग समतल चर, खाली बांधबंदिस्ती, मग नाल्यावरचे बंधारे असा माथा ते पायथा क्रम होता. पुढे शेतकऱ्यांनी शेततळी खोदली, त्यांत प्लॅस्टिक अंथरलं आणि ठिबकवर द्राक्षं लावली. २०१२च्या भीषण दुष्काळात जालना जिल्हा होरपळत असताना इथल्या बागा तगल्या.

गावाच्या वाट्याचा हा नियम दिल्लीपर्यंत पोचला. १९९९-२००० च्या अर्थसंकल्पातून नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी उभा राहिला: केंद्राचे १०० कोटी, नाबार्डचे १००. इतर राज्यांतल्या गावांनाही श्रमदानाची अट लागू झाली.

पण वाट्याचा प्रश्न अजून संपलेला नाही. चर आणि बंधारे साऱ्या गावाचे, शेततळं एकेका शेतकऱ्याचं. मराठवाड्यात अनेक शेततळी पावसाऐवजी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेल्या पाण्यानं भरली जातात. त्यामुळे शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर लवकर तळ गाठते. खर्चाचा वाटा उचलणाऱ्या गावांनी आता उपशाचा वाटाही ठरवायला हवा, आणि सरकारनं अनुदान देताना तशी अट घालायला हवी.