५३-एन क्रमांकाची बाटली

आमच्या खात्यात अपघात झाला की आधी चौकशी आणि मग ठपका, असा नियम आहे. प्रत्यक्षात बरेचदा चौकशी संपण्याआधीच चूक कोणाची ते सगळ्यांनी ठरवून टाकलेले असते. रुळांच्या देखभालीत माझी वीस-बावीस वर्षे गेली, म्हणून १९०२ सालची मुल्कोवालची हकीकत वाचली तेव्हा ती मनात घर करून राहिली. स्मरणिकेच्या निमित्ताने ती आपणांपुढे ठेवतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हते. सरकार घरे धुवी, सामान जाळी, आगगाडीचे प्रवासी उतरवून तपाशी. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत पिसवांचा पुरावा मिळवला, पण जाणत्यांनीही तो कित्येक वर्षे मानला नाही. शहाण्यांची ही गत, मग सामान्यांना काय म्हणावे? इस्पितळात नेतात ते मारायलाच, अशी आवई उठली आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला.

अशा दिवसांत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. हळूहळू लोकांचा विश्वास बसू लागला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. पैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. ते सारे एकाच बाटलीतली लस टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही.

चौकशी बसली. हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिक अॅसिड वगळून उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली होती. तेवढ्यावरून दोष प्रयोगशाळेवर आला आणि त्यांचे पद गेले. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून पुन्हा वापरला गेला होता. मातीतले धनुर्वाताचे बीज एवढ्याने मरत नाही. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले.

मधली पाच वर्षे मात्र गेली ती गेलीच. लसीवरचा विश्वास उडाला आणि त्याच काळात पंजाबात लाखो माणसे प्लेगने गेली. लस घेण्यास नकार देणाऱ्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्यांनी एकोणीस मृत्यूंची बातमी ऐकली होती. ते कशामुळे झाले, हे त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचलेच नाही. रिकामी जागा अफवेने भरून काढली.

हे लिहिण्याचे कारण माझ्या घरचेच आहे. एप्रिल २०२१ मध्ये इथे बिलासपुरात माझ्या हाताखालचा, रोज रूळ तपासत चालणारा चाबीवाला मला म्हणाला, “साहेब, गावात एकाने सुई घेतली आणि तो तिसऱ्या दिवशी गेला. कसा काय?” मी म्हणालो, “अडाण्यासारखं बोलू नकोस, उद्या जाऊन घेऊन ये.” तो गेला नाही. मे महिन्यात करोनाने त्याला नेले.

सांधा सैल आहे असे त्याने कळवले असते, तर मी हातातले काम टाकून पाहायला गेलो असतो. त्याचा हा प्रश्नही तसाच होता. तो मी ऐकून घेतला नाही. गणरायाला आपण बुद्धिदाता म्हणतो. ती मागताना समोरच्याच्या शंकेला शांतपणे उत्तर देण्याइतका धीरही मागावा, असे मला आता वाटते.