भिडेवाड्याची शाळा : ओसरी, उंबरठा आणि पाणी

माझ्या आज्याला स्वतःचे नाव धड लिहिता येत नव्हते. पण तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ होते. हे कसे, असे मी लहानपणी विचारले तेव्हा तो म्हणाला, "पाढे आयकू येत, फळा दिसे नाही." वणी भागातल्या एका खेड्यातली ती शाळा. कौलारू छप्पर, आत दोन खोल्या, पुढे लांब ओसरी. आमच्या वस्तीतली पोरे ओसरीवर बसत. गुरुजींचा आवाज खिडकीतून बाहेर येई. फळा आतच राही. आज्याचे शिक्षण जेवढे ऐकू आले तेवढेच झाले.

मी आता महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. जुन्या शाळांविषयी लिहिलेले मी पुष्कळ वाचतो. त्यात पाया कोणी घातला, देणगी कोणी दिली, सागवान किती लागले, कमानी किती, हे सारे असते. कोण कुठे बसत होते, एवढेच नसते. वास्तविक शाळेचा खरा नकाशा गवंडी काढत नाही. तो समाज काढतो. म्हणून शाळेच्या वास्तूला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. बसायला जागा कोणाला, उंबरठा कोणाला ओलांडता येतो आणि पाणी कोण कोणाच्या हातून पितो?

या तीन प्रश्नांच्या कसोटीवर महाराष्ट्रातली सर्वात बोलकी शाळा म्हणजे पुण्याच्या बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात भरलेली मुलींची शाळा. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली ती सुरू केली. तात्यासाहेब भिडे यांनी आपल्या वाड्यात तिला जागा दिली. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी पुण्याला गेलो होतो तेव्हा वाडा कसाबसा उभा होता. समोर दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनाची गर्दी. इकडे खाली दुकाने, वर खचलेली लाकडी माडी. बरोबरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, शाळा कुठाय?" मला बोट दाखवून सांगावे लागले.

वाडा ही केवळ राहण्याची जागा नव्हती. ती जातिव्यवस्थेची लाकडात आणि दगडात मांडलेली उतरंड होती. रस्त्याकडे दिंडीदरवाजा, मग चौक, चौकाभोवती ओसरी आणि सोपा, आत माजघर, त्याहून आत स्वयंपाकघर व देवघर. घरातल्या वापराचे पाणीही आतल्याच बाजूला. एकेक पायरी चढावी तसा एकेका जातीचा अधिकार संपत जाई. अस्पृश्य दाराबाहेर, कष्टकरी शूद्र चौकापर्यंत, स्वजातीय पुरुष सोप्यावर. घरची स्त्री सर्वात आत, पण तीही मोकळी नव्हती. माजघर हीच तिची हद्द. दाराबाहेरचा माणूस आणि माजघरातली बाई, दोघांनाही अक्षर वर्ज्य होते. ज्या घररचनेने एकाला बाहेर ठेवले तिनेच दुसरीला आत कोंडले.

अशा वास्तूत १८४८ साली पाटी-पेन्सिल घेऊन मुली येऊन बसल्या. भिंत पाडली नाही, खांब हलवला नाही, तरी वाड्याचा अर्थ बदलला. म्हणून भिडेवाड्याचे मोठेपण कोरीव कामात शोधू नये. त्या जागेचा उपयोग कोणी, कोणासाठी केला, यात ते आहे. याची किंमत फुले दांपत्याने लगेच मोजली. १८४९ साली त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. तरीही काम थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. १७ सप्टेंबर १८५१ ला रास्ता पेठेत दुसरी आणि १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत तिसरी.

परंतु आपण इथेच थांबून टाळ्या वाजवू नयेत. महार-मांगांच्या मुलांसाठी जोतीरावांना वेताळ पेठेत १८५२ साली वेगळी शाळा काढावी लागली. बुधवार पेठेतल्या वाड्याचा दिंडीदरवाजा मुलींसाठी उघडला. अस्पृश्यांसाठी नवा दरवाजा बांधावा लागला. हा दोष जोतीरावांचा नाही. त्या शहराचा आहे. आणि त्या नव्या दारातून काय बाहेर आले तेही पाहा. जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तीन वर्षे बसायला जागा मिळाली, तर जिला बोलण्याचा अधिकारच नव्हता ती धर्माला जाब विचारू लागली. शाळेची जागा इतकी सांभाळून का ठेवली जात होती, याचे उत्तर या निबंधात आहे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. तो जोतीरावांनी शाळेत नव्हे, स्वतःच्या घरी सोडवला. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शाळा काढणाऱ्या माणसाला वीस वर्षांनी हौद उघडावा लागतो, याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. अक्षर शिकवता येते, पण शिकणारा तहानलेला राहणार असेल तर ते शिक्षण अपुरेच.

सरकारी शाळांचे काय होते? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एकासाठी बाकीचे शाळा सोडतील, ही सबब. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे वरून सांगण्यात आले. पण कागदावरचा दरवाजा आणि लाकडाचा दरवाजा यांत अंतर असते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीच्या वर्गात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव नोंदले गेले. ही शाळा त्या काळी प्रतापसिंह महाराजांनी १८२४ साली बांधलेल्या राजवाड्यात भरत असे. छत्रपतींचा वाडा, इंग्रजांचे सरकार, आणि कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसलेला एक मुलगा. ते गोणपाट झाडणारा गडी शिवत नसे. मुलाने ते रोज घरी न्यावे आणि रोज आणावे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाही तर तहान. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे १९०० सालीही उंबरठा ओलांडता आला, परंतु जागा आणि पाणी ओलीसच राहिले. आज तो ७ नोव्हेंबर महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पाळावाच, पण त्या दिवशी गोणपाटाची आठवण न सांगता केवळ रजिस्टरातील सही दाखवली, तर आपण मुलांना अर्धाच इतिहास देतो.

हा नकाशा बदलता येत नव्हता असे मात्र नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. हे एका संस्थानाला जमले. आमच्या वऱ्हाडात, जिथे माझा आजा १९४० च्या सुमारास शाळेत गेला, तिथे ओसरी तशीच होती.

आता भिडेवाडा नाही. तेरा वर्षांच्या न्यायालयीन लढ्यानंतर १६ ऑक्टोबर २०२३ रोजी उच्च न्यायालयाने आणि ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंचे म्हणणे फेटाळले. डिसेंबरच्या ४ तारखेच्या रात्री मोडकळीला आलेला वाडा जमीनदोस्त झाला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्या जागी सावित्रीबाईंच्या स्मारकाची पायाभरणी झाली. स्मारक व्हावे, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की त्यात काय असेल? पुतळा आणि संगमरवर असेल, तर हार घालणाऱ्यांची सोय होईल. तिथे रोज सकाळी मुली येऊन बसतील आणि कोणाची जागा कुठे होती, हे भिंतीवर स्पष्ट लिहिलेले असेल, तर ती शाळा राहील.

आणि हा प्रश्न एकट्या पुण्याचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. साऱ्या देशासाठी तिला कायद्याचे रूप यायला २००९ साल उजाडले. त्या कायद्याखालील नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत हवी. तरी २०२३ पासून कमी पटाच्या शाळा 'समूह शाळे'त मिळवण्याची भाषा सुरू झाली. कमी पट कुठे असतो? तांड्यावर, पोडावर, वस्तीवर. त्या पोरीला चार किलोमीटर चालायला लावले की तिला वर्गाबाहेर बसवण्यासाठी ओसरीची गरजच उरत नाही. तिला आवाजसुद्धा ऐकू येणार नाही. माझ्या आज्याच्या वाट्याला निदान पाढे आले होते.

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, चळवळीत आहेत, त्यांनी एक काम करावे. आपल्या गावातल्या सर्वात जुन्या प्राथमिक शाळेत जावे. शिलालेख वाचावा, खांब मोजावेत. मग वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, तुम्ही कुठे बसत होता? पाणी कुठे पीत होता? उत्तरे लिहून घ्यावीत. ती माणसे आता थोडी उरली आहेत. इमारती पडल्या तर पुन्हा बांधता येतील. ही साक्ष गेली, तर ओसरी होती हेसुद्धा उद्या नाकारले जाईल.