पहिली धार

एखाद्या गोष्टीचा अस्सलपणा सांगावयाचा असला म्हणजे आपण तिला 'पहिल्या धारेची' असें विशेषण लावतों. टीका पहिल्या धारेची असते, विनोद पहिल्या धारेचा असतो, आणि एखादा राजकारणी पुरुषही पहिल्या धारेचा निघतो. ज्या घरांत मद्याचा थेंब कधीं शिरला नाहीं, त्या घरांतही हा प्रयोग निःशंकपणें चालतो. कलालाच्या भट्टीवरून तो आपल्या माजघरांत कसा आला, हा भाषाशास्त्रज्ञांचा प्रश्न. आम्हांस येथें त्या धारेचाच थोडा इतिहास पाहावयाचा आहे. तो खानदेशांतून पाहावा हें उचित. १९०६ मध्यें या प्रांताचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. जळगांव एकाचें आणि धुळें दुसऱ्याचें ठाणें बनलें. परंतु रावेर, यावल, चोपड्यापासून शिरपूर, शहादें, तळोद्यापर्यंत सातपुड्याचा पायथा एकच आहे (यांतले शेवटचे दोन तालुके १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडतात), आणि त्या पायथ्याशीं मोहाचें झाड व मोहाची भट्टी यांचा संबंध फार जुना आहे.

प्रथम क्रिया समजून घेऊं. फाल्गुन-चैत्रांत पहाटे मोहाचीं फुलें गळतात. वाळलेल्या फुलांच्या वजनांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणून टंचाईच्या दिवसांत तीं भिल्लांच्या पोटाचा आधारही होतात. हींच फुलें पाण्यांत भिजवून आंबविलीं कीं मद्यार्क तयार होतो. तें आंबवण मडक्यांत घालून चुलीवर चढवावयाचें आणि वरच्या भांड्यांत थंड पाणी ठेवावयाचें. वाफ त्या भांड्याच्या बुडास लागते, निवते आणि थेंब-थेंब गळूं लागते. पाणी १०० अंशांस उकळतें, मद्यार्क सुमारें ७८ अंशांस. म्हणून आरंभीं जी धार येते तींत मद्यार्क पुष्कळ, आणि पुढें पुढें पाणीच अधिक.

पण मडक्यांत हे दोनच पदार्थ नसतात. अगदीं आरंभीं हलके, उग्र वासाचे पदार्थ निघतात. त्यांतला ॲसिटाल्डिहाइड तर २० अंशांसच उकळतो. ते नाकाला झोंबतात. मग मधला शुद्ध भाग येतो. शेवटीं जड, तेलकट मद्यार्क येऊं लागतात आणि धारेला ओल्या फडक्यासारखी घाण सुटते. धार कोठें धरावी आणि कोठें सोडावी, हेंच भट्टीवाल्याचें खरें शास्त्र. स्कॉटलंडांतील व्हिस्की गाळणारा पहिला व शेवटचा भाग वेगळा काढतो, तो पुढच्या घाण्यांत परत घालतो आणि मधलाच पिपांत भरतो. आपल्याकडे मात्र थोरवी पहिल्या धारेची. यांत असत्य कांहीं नाहीं, कारण पहिली धार सर्वांत जहाल असते. परंतु जहाल तें उत्तम, हें समीकरण आपल्या भाषेनें केव्हां मान्य केलें कोण जाणे!

ही निवड करावयाची कशानें? नाकानें, जिभेनें आणि विस्तवानें. वरच्या भांड्यांतलें पाणी तापलें कीं तें बदलावें लागतें. किती वेळां बदललें, यावरूनही धारेचा अंदाज लागतो. अबुल फज्लनें 'आईन-इ-अकबरी'त गूळ व बाभळीची साल यांपासून मद्य गाळण्याची रीत लिहून ठेविली आहे. दोनदां गाळलेल्या मद्यास तो 'दुआतशा' म्हणतो, आणि त्यानें हात भिजवून विस्तवाजवळ नेला तर ज्वाळा उठतात पण हात भाजत नाहीं, अशी परीक्षा सांगतो. ज्या बादशहाच्या दरबारांत हें लिहिलें गेलें, त्यानेंच १६०१ मध्यें असीरगड घेऊन खानदेश आपल्या राज्याला जोडला.

भिल्लांमध्यें पिण्यापूर्वीं कांहीं थेंब जमिनीवर देवासाठीं सांडण्याची चाल आहे. आमच्यांतले कांहीं विद्वान् त्यांत लगेच रसायनशास्त्र शोधूं लागतील. आम्हांस तो मोह नाहीं. देवाचा वाटा तो देवाचा वाटा, एवढेंच पुरे.

आतां कायद्याकडे वळूं. ब्रिटिश पार्लमेंटनें १८२३ मध्यें केलेल्या कायद्यानें स्कॉटलंडांत परवाना स्वस्त झाला, आणि डोंगरांत चोरून गाळणारे पुष्कळसे उजेडांत आले. सरकारानें धारेवर कांचेची कुलुपबंद पेटी बसविली खरी, पण त्या पेटींतली धार कोणत्या क्षणीं वळवावी हें ठरविण्याचें काम गाळणाऱ्याच्याच डोळ्यांवर राहिलें. मुंबई इलाख्यांत १८७८ चा अबकारी कायदा आला तो उलट दिशेनें. गांवोगांवच्या भट्ट्या मोडून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्या आणि मक्तेदार आले. दारू 'प्रूफ'खालीं पंचवीस अंश किंवा साठ अंश, म्हणजे शेंकडा सुमारें त्रेचाळीस किंवा तेवीस भाग मद्यार्काची, अशी मापानें विकली जाऊं लागली. तिच्यांत मद्यार्क किती आणि त्यावर कर किती, एवढेच सरकारचे प्रश्न. माप जोर मोजतें. धार मोजत नाहीं. १८९२ मध्यें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांवरच बंधन घालणारा कायदा झाला. ज्या फुलावर माणूस जगतो तें घरांत ठेवणें हा गुन्हा!

याचा परिणाम भट्टीवर झाला. रात्रीं नाल्यांत, शिपायाच्या पावलाकडे कान लावून जो गाळतो, तो धारेचा भाग टाकून देईल कशाला? निघेल तें सारें घागरींत जातें. मोहाच्या जागीं गूळ येतो, आंबवणांत नवसागर पडतो, आणि पिणारा घरचा राहत नाहीं, गिऱ्हाईक होतो.

जुन्या भट्टीचें सोनें करून दाखविण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. मद्यानें भिल्लांचें नुकसान केलें हें प्रथम ओळखलें तें त्यांच्यांतल्याच माणसांनीं. १९२२-२३ मध्यें पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेल्या देवीच्या चळवळीनें दारू सोडण्याचा आदेश दिला, आणि ती लाट खानदेशांतही आली. १९३७ मध्यें तळोद्याकडील गुलाम महाराजांनीं आरतीसाठीं जमणाऱ्या हजारोंकडून मद्यत्याग करविला. १९३८ मध्यें ते वारले, तेव्हां त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य पुढें नेलें. ही दारूबंदी सरकारी नव्हती. म्हणूनच ती आम्हांस १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापेक्षां मोलाची वाटते.

या विषयांत एक गैरसमज असा आहे, कीं तो जिवावर बेततो. पहिली धार फेंकली म्हणजे विष गेलें, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. मेथॅनॉल हें विष ६५ अंशांच्या आंतच उकळतें, यावरून हा तर्क निघाला असावा. पण मद्यार्क व पाणी यांत मिसळलेलें मेथॅनॉल पहिल्या थेंबांतच संपत नाहीं. तें थोडथोडें शेवटपर्यंत येत राहतें. फुलें, गूळ किंवा धान्य आंबवून तें होतें तेंही अल्प. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणींत शंभराहून अधिक माणसें मेलीं, तीं भट्टीवाल्यानें धार ओळखली नाहीं म्हणून नव्हेत. कारखान्यांत वापरावयाचें मेथॅनॉल दारू म्हणून विकलें गेलें म्हणून. ज्या पेल्यांत तें कोणीं ओतलें आहे, त्यास नाक, जीभ किंवा विस्तव यांपैकीं एकही परीक्षा उपयोगी पडत नाहीं.

गोव्यांत निराळेंच घडलें. तेथें काजूच्या रसाचा पहिला, सौम्य उतारा 'उर्राक' आणि पुन्हां गाळलेली ती फेणी, अशीं दोन नांवें दोन धारांना आहेत. गिऱ्हाईक तीं नांवें घेऊनच मागतें. काजूच्या फेणीस २००९ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. मध्य प्रदेशानें २०२२ मध्यें आदिवासींच्या मोहाच्या मद्यास वारशाची दारू म्हणून परवान्याची वाट उघडली. म्हणजे सातपुड्याच्या एका उतारावर जो वारसा ठरला, तो दुसऱ्या उतारावर अजून गुन्ह्यांतच मोडतो. महाराष्ट्र सरकारनें २०२१ मध्यें मोहाचीं फुलें वेंचण्या-साठविण्यावरील बंधनें सैल केलीं, तेव्हां शिरपूर-चोपड्याकडचा पावरा तीं फुलें आतां उघड्यावर वाळवूं शकतो. मडकें मात्र अजून नाल्यांतच आहे.